पाण्यातील मिठाचा नकाशा

एलन स्वॉलो रिचर्ड्स (१८४२–१९११) यांना १८७० मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने प्रवेश दिला तो शुल्क न आकारता. यात औदार्य नव्हते. कोणी आक्षेप घेतल्यास ही आमची विद्यार्थिनीच नव्हे, असे सांगता यावे एवढीच सोय होती. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळासाठी त्यांनी नद्या, ओढे, तलावांच्या पाण्याचे हजारो नमुने तेथेच तपासले. समुद्रापासून दूर जावे तसे निर्मळ पाण्यातील क्लोराइड घटत जाते. ही घट त्यांनी नकाशावर रेषांनी मांडली. एखाद्या ओढ्यात त्याहून अधिक क्लोराइड सापडले, की वरच्या अंगाला मैला मिसळत असल्याचा संशय बळावे. पाणी दिसायला कितीही नितळ असो. संस्थेने त्यांना डॉक्टरेट मात्र कधीच दिली नाही.