करवीर राज्याचे आधारस्तंभ : रामचंद्रपंत अमात्य

श्री करवीरनिवासिनीच्या दर्शनानंतर अनेक भाविक सुमारे २० किलोमीटरवरील पन्हाळगडास भेट देतात. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी पाहणाऱ्या यात्रेकरूंनी गडावरील एका समाधीसमोरही क्षणभर थांबावे. छत्रपतींच्या पाच कारकिर्दी पाहिलेल्या आणि करवीर राज्याच्या उभारणीत मोलाचा वाटा उचललेल्या रामचंद्र नीलकंठ अमात्य यांची ही समाधी आहे.

घराणे

रामचंद्रपंतांचे वडील नीळो सोनदेव हे शिवछत्रपतींचे विश्वासू अमात्य होते. राज्याचा जमाखर्च तपासणे व वसुलावर देखरेख ठेवणे, हे अमात्यांचे काम. चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव कल्याण प्रांताच्या इतिहासाशी निगडित आहे. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा वडिलांच्या पश्चात तरुण रामचंद्रपंत अष्टप्रधानांत अमात्यपदी होते.

संकटकाळातील हुकूमतपन्हा

इ. स. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची औरंगजेबाने हत्या केली. रायगडास वेढा पडला आणि राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीस जावे लागले. जाताना महाराजांनी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांवर सोपवून त्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब दिला. राजा शेकडो कोस दूर, खजिना रिता आणि बादशाही फौज दारात, अशा स्थितीत पंतांनी विशाळगडावरून राज्य सांभाळले. शंकराजी नारायण सचिव व परशुराम त्रिंबक हे त्यांचे सहकारी होते, तर संताजी घोरपडे व धनाजी जाधव रणांगण गाजवीत होते. परशुराम त्रिंबकांनी इ. स. १६९२ मध्ये पन्हाळगड परत जिंकून घेतला.

या यशासाठी राज्याला मोठी किंमत मोजावी लागली. शिवछत्रपतींनी वतने व जहागिरी देण्यावर कटाक्षाने मर्यादा घातली होती. आता मात्र औरंगजेब मनसबी व वतने देऊन मराठा सरदारांना आपल्याकडे ओढत होता. त्यांना स्वराज्यात टिकवून ठेवण्यासाठी छत्रपतींकडूनही वतनांच्या सनदा द्याव्या लागल्या. त्यामुळे राज्य वाचले. परंतु मुलखावरील राजसत्तेची पकड सैल होऊ लागली. हा व्यवहार कारभारी या नात्याने पंतांनी अगदी जवळून पाहिला.

करवीरची गादी

इ. स. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाल्यावर पंतांनी महाराणी ताराबाईंच्या कारकिर्दीतही सेवा केली. इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले आणि सातारा व पन्हाळा अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. इ. स. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले. ज्या ताराबाईंची सेवा केली, त्यांनाच दूर सारणाऱ्या या घडामोडीत पंत नव्या छत्रपतींच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या जीवनातील हा सर्वांत कठीण निर्णय म्हटला पाहिजे. नवे महाराज वयाने कोवळे असल्याने कारभाराचा भार पुन्हा या वृद्ध अमात्यांवर आला. परंपरेनुसार याच काळात, इ. स. १७१५ च्या विजयादशमीस, मोगली धामधुमीत लपवून ठेवलेल्या श्री महालक्ष्मीच्या मूर्तीची महाराजांच्या आज्ञेने सिधोजी हिंदुराव घोरपडे यांनी मंदिरात पुन्हा प्रतिष्ठापना केली.

आज्ञापत्र

याच सुमारास पंतांच्या हातून ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील अजोड ग्रंथ सिद्ध झाला. दुर्ग, आरमार, सावकार व प्रजापालन यांचे विवेचन त्यात आहे. आरमारासाठी लाकूड तोडतानाही रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, अशी दक्षता त्यात घेतलेली आहे. व्यापाराच्या निमित्ताने येणाऱ्या युरोपियनांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, हा इशारा तर पुढील काळाने खरा ठरविला. वतनदारांविषयीचा उपदेश मात्र पंतांच्या स्वानुभवातून आलेला आहे. वतनदार संधी मिळताच राज्याचे भागीदार होऊ पाहतात, म्हणून नवी वतने निर्माण करू नयेत. जुन्यांचा उच्छेदही करू नये, परंतु त्यांना धाकात ठेवावे, असे त्याचे सार आहे. संकटकाळात पत्करलेल्या उपायाचे दोष एवढ्या स्पष्टपणे मांडणारा कारभारी विरळाच.

बावड्याचे घराणे

इ. स. १७१६ मध्ये पन्हाळगडावर पंतांचे निधन झाले. त्यांच्यामागे पुत्र भगवंतराव यांनी अमात्यपद सांभाळले. कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर, कोकणात उतरणाऱ्या घाटांच्या माथ्यावर असलेले गगनबावडा हे या घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होय. त्यामुळेच हे घराणे ‘पंत अमात्य बावडेकर’ या नावाने प्रसिद्ध झाले. वतनांचे धोके सांगणाऱ्या पंतांचे वंशजही जहागीरदारच राहिले, तथापि करवीर छत्रपतींच्या प्रमुख जहागीरदारांत त्यांना मानाचे स्थान होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सरंजामी कारभाराचे हे पर्व मावळले.

गगनगडाच्या दर्शनास जाणारे भाविक बावड्यावरूनच जातात. त्यांनी वाटेत या कर्तव्यनिष्ठ अमात्यांचे पुण्यस्मरण अवश्य करावे.