अशक्त विनोबांनी पीरपंजाल कसा ओलांडला?

भंडारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर आहे. इथून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना ४ हजार मीटरवर धाप लागते, डोके दुखते. कारण तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच ऑक्सिजन मिळतो. आचार्य विनोबा भावे त्या उंचीवर पायी पोहोचले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते आणि त्यांना पोटातल्या अल्सरचा जुना त्रास होता.

४० किलो वजन
कोकणातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांचे वजन १९३८ मध्ये ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आले. गांधीजींनी थंड हवेचे ठिकाण सुचवले. विनोबांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. तिथे रोज थोडा थोडा वेळ वाढवत ते जमीन खणू लागले. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले.

शरीराने मोजलेली किंमत
१९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. पुढची सुमारे १३ वर्षे ते चालत राहिले. १९५२ च्या अखेरीस चांडिलला मलेरिया जिवावर बेतला. आधी औषध नाकारणाऱ्या विनोबांनी अखेर आग्रहाखातर ते घेतले.

परतण्याचीही तयारी
मे १९५९ मध्ये ते जम्मू-काश्मीरमध्ये शिरले. वाटेत पावसाने अडवले. डोंगर ओलांडता आला नाही, तर पंजाबात परतायचे, असे त्यांनी ठरवले होते. पाऊस थांबला आणि साडेतेरा हजार फुटांवरून त्यांनी पीरपंजाल पार केला.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचे निधन झाले. डोंगरात जाणाऱ्यांनी त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात : सराव हळूहळू वाढवा आणि मागे फिरायची लाज बाळगू नका.