कॅप्टन मॅकॉनोकी : एक तुरुंगाधिकारी

तुरुंगावरचा अधिकारी म्हटला की किल्ल्यांचा जुडगा, हातातील छडी आणि कपाळावरची आठी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ज्यांचे आजोबा आग्वादच्या किल्ल्यात बंदिवासात होते अशी घरे आमच्या वाचकांत आहेत. अंदमानच्या हकिकती तर मराठी वाचकाच्या चांगल्याच परिचयाच्या. तेव्हा या पेशाविषयी आपल्या मनात प्रेम नसले तर नवल नाही. तथापि त्याच पेशातील एका निराळ्या गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

अलेक्झांडर मॅकॉनोकी यांचा जन्म १७८७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. तरुणपणीच ते इंग्रजी आरमारात शिरले. १८११ च्या डिसेंबरात त्यांचे जहाज हॉलंडच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात अडकून शत्रूच्या हाती पडले, आणि पुढील दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना फ्रान्समध्ये नेपोलियनचे युद्धकैदी म्हणून काढावा लागला. बंद दाराच्या आतल्या बाजूला दिवस कसा लांबतो, हे त्यांनी असे स्वानुभवाने जाणले होते. सुटकेनंतर ते भूगोलाकडे वळले. १८३० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या भौगोलिक संस्थेचे ते पहिले सचिव, व १८३३ साली तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचे पहिले प्राध्यापक झाले.

१८३७ साली ते टास्मानियाच्या गव्हर्नरांचे खाजगी चिटणीस म्हणून त्या बेटावर पोचले. इंग्लंडमधून हद्दपार केलेले कैदी तेथील वसाहतवाल्यांना मजूर म्हणून वाटून दिले जात. ही प्रथा कैद्याला गुलाम आणि धन्याला जुलमी बनवते, असा अहवाल मॅकॉनोकी यांनी लिहिला. तो लंडनला छापला जाताच त्यांची चिटणिशी गेली.

आणि मग १८४० साली त्यांना नॉर्फोक बेट मिळाले. सिडनीपासून समुद्रात सुमारे सोळाशे किलोमीटर दूर, जेमतेम आठ किलोमीटर लांबीचे हे बेट म्हणजे काळ्या पाण्यातील काळे पाणी! हद्दपारीत असताना पुन्हा गुन्हा केलेल्यांना येथे धाडीत. फटके आणि साखळदंड हा तेथला नित्यक्रम होता. अशा ठिकाणी मॅकॉनोकी बायकामुलांसह राहावयास गेले.

त्यांची योजना अशी. शिक्षा वर्षांत मोजावयाची नाही, गुणांत मोजावयाची. सात वर्षांच्या शिक्षेला सहा हजार गुण, दहा वर्षांना सात हजार, जन्मठेपेला आठ हजार. नेमलेले काम व चांगली वर्तणूक यांनी गुण मिळत. त्यांतूनच अधिक चांगले अन्न विकत घ्यावे किंवा पोटाला चिमटा घेऊन ते सुटकेसाठी साठवावेत, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे पाचसहा जणांनी गट करावा, आणि एकाने आगळीक केली तर सर्वांचे गुण कापले जावेत. (गुणपत्रिकेला कंटाळलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी या गुणांचे मोल मनात आणून पाहावे.) वर्षे नुसती बसूनही सरतात, गुण मिळवावे लागतात. मॅकॉनोकी यांचे सारे मर्म आमच्या मते एवढ्यात आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त त्यांनी दरवाजे उघडून सर्व कैद्यांना दिवसभर बेटावर मोकळे सोडले. गोडधोड जेवण झाले, कैद्यांनी नाटक केले, रात्री दारूकाम झाले. शिंग वाजताच सगळे निमूटपणे बराकींत परतले. सिडनीच्या सरकारला मात्र हा प्रकार मुळीच रुचला नाही.

चार्ल्स अँडरसन नावाचा एक कैदी होता. युद्धात डोक्याला इजा झाल्यापासून तो अनावर झालेला. सिडनीच्या बंदरात त्याला एका खडकाला साखळीने बांधून ठेवीत. मॅकॉनोकी यांनी त्याच्याकडे न वळलेले बैल वळवण्याचे काम सोपवले आणि इतरांना त्याला चिडवण्याची मनाई केली. पुढे तोच बेटावरच्या टेकडीवरील निशाणांची चौकी सांभाळू लागला.

परंतु तुरुंगाधिकारी कितीही मोठा असला तरी तो नोकरच. जुन्या कैद्यांना ही पद्धत लावू नये असा हुकूम होता. तो मोडून मॅकॉनोकी यांनी ती सर्वांना लावली. पण पुरे गुण झालेल्या कैद्याला सोडण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता, आणि सिडनी तो देईना. मिळवलेल्या गुणांनी दार उघडत नाही असे दिसल्यावर कैद्यांचा धीर सुटणे साहजिकच होते. १८४३ साली गव्हर्नर गिप्स स्वतः बेटावर आले व बरेचसे अनुकूल मत घेऊन परतले. पण त्यांचा अहवाल लंडनला पोचण्यापूर्वीच मॅकॉनोकी यांना परत बोलावण्याचा हुकूम निघाला होता. १८४४ साली त्यांनी बेट सोडले. नंतर आलेल्या अधिकाऱ्याने जुनाच कडकपणा पुन्हा आणला. १८४६ साली कैद्यांची स्वयंपाकाची भांडी काढून घेतल्यावरून दंगा उसळला, चार कर्मचारी ठार झाले आणि बारा जणांना फाशी देण्यात आली.

१८४९ साली बर्मिंगहॅमच्या नव्या तुरुंगाचा कारभार त्यांच्याकडे आला. दोन वर्षांत तोही सौम्यपणाच्या आरोपावरून गेला. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याच्या छळाने पंधरा वर्षांच्या एका मुलाने १८५३ साली गळफास घेतला, तेव्हा कोठे चौकशी झाली. मॅकॉनोकी यांच्या काळातही कायद्याबाहेरच्या काही शिक्षा झाल्या होत्या असे त्या चौकशीत निघाले. चरित्रकाराने ते झाकून ठेवू नये.

२५ ऑक्टोबर १८६० रोजी लंडनजवळच्या मॉर्डन गावी ते वारले. त्या वेळी आयर्लंडच्या तुरुंगांत वॉल्टर क्रॉफ्टन नावाचे अधिकारी गुणांच्या त्याच पद्धतीने कैद्यांना पायरीपायरीने सुटकेकडे नेत होते.