देवगंधर्व भास्करबुवा बखले

गोड गळा ही ईश्वराची देणगी खरी. परंतु ती देणगी हरपल्यावर मनुष्य काय करतो, यावर त्याची योग्यता ठरते. कै. भास्करबुवा बखले यांचे चरित्र आम्ही याच दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. बडोद्यास विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांपाशी त्यांच्या गायनाचा श्रीगणेशा झाला. पुढे ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकातील कैकेयीच्या भूमिकेने बालवयातच नावारूपास आले. त्यांचे गाणे ऐकून प्रसिद्ध बीनकार बंदेअली खाँ यांनी त्यांना गंडा बांधला.

परंतु वयात येताच आवाज फुटला. या वयात मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. हा सृष्टिक्रमच होय. पण रंगभूमीला वाट पाहण्यास सवड कोठून असणार? कालपर्यंत टाळ्या घेणाऱ्या मुलाची मंडळीतील किंमत उतरली. ज्याचे कौतुक मोठे, त्याला अशा वेळी लोकांपुढे तोंड उघडण्याचीही भीती वाटते. कित्येक गुणी मुलांचे गाणे येथेच संपते.

बुवांचे संपले नाही. मंडळी सोडून ते बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्यापाशी शिकू लागले. त्यानंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांची तालीम त्यांनी घेतली. पुढे स्वतःचे नाव झाल्यावरही अल्लादिया खाँ यांच्यापुढे ते शिष्य म्हणून बसले. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही गायकींचे संस्कार त्यांच्या गाण्यात एकत्र आले ते यामुळे. नावलौकिक मिळाल्यावर पुन्हा चुकण्याची, पुन्हा दुरुस्त होण्याची तयारी ठेवणे हे मैफल जिंकण्याहून कठीण आहे, असे आम्हांस वाटते.

मिळविलेली विद्या त्यांनी लपवून ठेविली नाही. १९११ साली पुण्यास त्यांनी स्थापिलेली संस्था भारत गायन समाज या नावाने प्रसिद्धीस आली. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे आणि पंजाबातील दिलीपचंद्र वेदी ही त्यांच्या शिष्यवर्गातील नामांकित मंडळी. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना त्यांच्या चालींनी अपूर्व शोभा आणली. ज्या रंगभूमीवरून त्यांना निघावे लागले होते, तिलाच त्यांनी हे परत दिले. ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

आपल्या घरांतूनही मुले पेटी, तबला व गायन शिकतात आणि उत्सवात देवापुढे सेवा करतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. आवाज फुटण्याच्या काळात मुलाकडून उंच स्वर ओढून काढवू नयेत. खालच्या पट्टीत, बेताने गाऊ द्यावे. अडलेली जागा विलंबित लयीत, थोडी थोडी, पण रोज घ्यावी. सगळी चीज धावत म्हटल्याने चूकच घोटली जाते. लोकांपुढे बसण्याआधी घरच्या चारचौघांत बसवावे, म्हणजे भीड चेपते. आणि एखादे दिवशी गाणे पडले, तर मुलास हिणवू नये. अशा एका पडतीनंतरच बुवांची खरी साधना सुरू झाली होती.