ड्यू बॉइस : घरोघर फिरून आकडे जमवणारा विद्वान

बारावीनंतर आपल्या मुलांपुढे डॉक्टर, इंजिनीअर नाहीतर स्पर्धा परीक्षा एवढ्याच वाटा ठेवल्या जातात. संख्याशास्त्राचं नाव वस्तीत क्वचितच निघतं. म्हणून डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची ओळख करून द्यावी असं आम्हाला वाटतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली, ते हेच.

जन्म १८६८, मॅसॅच्युसेट्स. बर्लिनमध्ये दोन वर्षं शिकून आल्यावर १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाच्या पाहणीचं काम दिलं. वर्गात शिकवायला मात्र दिलं नाही! शहर बिघडलं ते काळ्या लोकांमुळे, असं अनेक प्रतिष्ठित गोऱ्यांचं मत होतं.

ड्यू बॉइस पत्नीसह त्याच वॉर्डात एका खोलीत राहिले आणि सुमारे अडीच हजार घरांची दारं त्यांनी स्वतः ठोठावली. वय किती, जन्म कुठला, शिक्षण, काम, मजुरी, भाडं. लोकांनी काही हार घालून स्वागत केलं नाही. आपल्याला तपासायला कुणी आलेलं कुणाला आवडतं? आम्हीही फॉर्म घेऊन वस्त्यांत जातो, ‘भरून काय मिळणार?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो.

१८९९ मध्ये ग्रंथ आला. त्यातून दिसलं ते असं : चांगल्या नोकऱ्या बंद, वाईट खोल्यांना जास्त भाडं, त्यातून आजार आणि गुन्हे. दोष रक्तात नव्हता, परिस्थितीत होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले तक्ते मांडले.

पण १८९९ मध्येच जॉर्जियात सॅम होज या मजुराला जमावाने जाळून मारलं. ड्यू बॉइस त्याबद्दलचं संयत निवेदन घेऊन अटलांटातील वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत कळलं, होजच्या बोटांची हाडं एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तसेच मागे फिरले. पुढे १९०६ मध्ये अलाबामातील लाउंड्स परगण्याची त्यांनी केलेली मोठी पाहणी सरकारने छापलीच नाही, नष्ट केली.

१९१० मध्ये विद्यापीठ सोडून ते ‘द क्रायसिस’ मासिकाचे संपादक झाले. त्यांनी संख्याशास्त्र सोडलं, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. त्या मासिकात जमावाने मारलेल्यांची मोजदाद दरवर्षी छापली जात होती.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील आक्रा इथे ते वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला नागरी हक्कांसाठी दोन लाखांवर लोक जमले होते, तिथे व्यासपीठावरून ही बातमी सांगितली गेली.