डॉ. होमी भाभा : अणुभट्टीतून रुग्णशय्येपर्यंत

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघताच अणुऊर्जा आठवते. सोलापूरसारख्या जिल्ह्यांतून उपचारांसाठी मुंबई गाठणाऱ्या कर्करुग्णांवरही त्यांचे ऋण आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेल्या भाभांनी केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. वैद्यकाच्या दृष्टीने ही घटना मोलाची होती. किरणोत्सारी आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. ते साठवून ठेवता येत नाही. सतत तयार करावे लागते. थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. त्यामुळे हेच द्रव्य रोगाचे चित्र दाखवते आणि रोगट पेशीही नष्ट करते.

१९६२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील विमान अपघातात भाभांचे निधन झाले.

त्याच तत्त्वावर आज ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीतील ल्युटेशियम-१७७ वापरले जाते. कर्कपेशी हुडकणाऱ्या रेणूला जोडलेले हे द्रव्य प्रोस्टेटच्या कर्करोगावर नेमका मारा करते.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून टाटा स्मारकच्या सहकार्याने ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. दिवसागणिक क्षीण होणाऱ्या औषधाच्या बाबतीत ट्रॉम्बे ते बार्शी हे अंतर कापणे, हाही उपचाराचाच भाग आहे.