डॉ. कोटणीस, चिनी मसाज आणि फिटचा आजार

मीरा रोड, भाईंदरहून रोज गर्दीच्या लोकलने ये-जा करून मान आखडली, कंबर धरली, की कोणीतरी चिनी मसाज करून बघायला सांगते. चिनी उपचारांचा विषय निघाला की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचेही नाव निघते. ते चिनी उपचार शिकायला गेले होते असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे नाही. मात्र त्यांच्या आयुष्यातून प्रत्येक रुग्णाने आणि घरच्यांनी समजून घ्यावे असे बरेच आहे.

सोलापूर ते चीन

डॉ. कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. 1937 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले आणि चीनमधून भारताकडे डॉक्टरांची मागणी आली. काँग्रेसने पाच जणांचे पथक पाठवले. त्यात डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि कोटणीस होते. 1 सप्टेंबर 1938 रोजी पथक मुंबईहून निघाले. कोटणीस तेव्हा 28 वर्षांचेही नव्हते.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत. 1939 मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील डोंगराळ युद्धभागात गेले. तिथे ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत, विद्यार्थ्यांना शिकवत. ते चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी 1941 मध्ये लग्न केले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन.

आजार बळावला

चीनमध्ये कोटणीसांना फिट येऊ लागल्या. हा अपस्मार, म्हणजेच मिरगीचा आजार. झोप अपुरी आणि शरीरावर प्रचंड ताण असेल तर फिट वाढू शकतात. कोटणीसांना तर हे दोन्ही रोजचेच होते. फेनिटॉइन हे फिटवरचे महत्त्वाचे औषध ते भारतातून निघाले त्याच वर्षी, 1938 मध्ये, वापरात आले होते. पण वेढलेल्या युद्धभागात साध्या औषधांचीही टंचाई होती. 9 डिसेंबर 1942 रोजी लागोपाठ आलेल्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय 32, आणि मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा.

चिनी उपचारांशी नाव कसे जोडले गेले?

त्यांचे सहकारी डॉ. बसू 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते उपचार करू लागले. पुढे लुधियानातील ॲक्युपंक्चर रुग्णालयाला कोटणीसांचे नाव दिले गेले. कोटणीस स्वतः मात्र शेवटपर्यंत शल्यचिकित्सकच होते.

चिनी मसाजचा उपयोग किती?

या मसाजला 'त्वेना' म्हणतात, म्हणजे ढकलणे आणि पकडणे. त्यात बोटांनी, तळहाताने, कोपराने दाबतात, मळतात. जुनी कंबरदुखी, मानदुखी, आखडलेले स्नायू यांत काही दिवस आराम पडू शकतो. सोबत व्यायाम आणि बसण्याची योग्य सवय हवीच.

हाडे ठिसूळ असतील, हाड मोडले असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पाय एकाएकी सुजला असेल, ताप किंवा कर्करोग असेल, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मानेला झटका देऊन कोणालाही मोडू देऊ नका. कंबरदुखीसोबत पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मसाज नको, थेट रुग्णालय गाठा.

फिट आल्यावर चोळू नका

आपल्याकडे फिट आली की हातपाय चोळतात, कांदा किंवा चप्पल हुंगवतात. चीनमध्ये नाकाखालची जागा नखाने दाबायची पद्धत आहे. यातल्या कशानेही फिट थांबत नाही. तुम्ही एवढे करा:

- घड्याळात वेळ बघा.
- आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा.
- झटके ओसरताच कुशीवर वळवा.
- तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
- फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर लगेच 108 वर फोन करा.

नियमित औषधांनी सुमारे 70 टक्के रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. मसाजने बरे वाटते म्हणून, किंवा बरेच दिवस फिट आली नाही म्हणून, गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक गोळी थांबवल्याने लागोपाठ फिट येऊ शकतात.

कोटणीसांच्या वाट्याला ना पुरेशी औषधे आली, ना विश्रांती. तुमच्या घरात कोणाला हा आजार असेल, तर तो लपवू नका. आज त्यावर उपचार आहेत. गोळी वेळेवर द्या, झोप पुरी होऊ द्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवत राहा.